लिंबाचं झाड पिवळं पडतंय, बहर गळतोय, लिंबू मात्र एकही नाही: खताची पिशवी फोडण्याआधी काय तपासायचं

नागपूरच्या कोणत्याही लेआउटमध्ये फिरा, दर दोन-चार कंपाउंडांमागे एक निंबूचं झाड दिसतं. घरमालकाची तक्रारही ठरलेली असते: तीन वर्षं झाली, पाणी घालतो, खत घालतो, हाती काही लागत नाही. संत्र्याच्या गावात लिंबू का येऊ नये, हा प्रश्न त्यात गृहीत असतो. बहुतेक झाडं वाचतात. क्रम मात्र पाळावा लागतो, कारण चुकीच्या क्रमाने केलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

आधी लक्षणं

झाडासमोर उभं राहून यातलं काय जुळतं ते बघा. एकापेक्षा जास्त जुळू शकतात.

- शेंड्याची कोवळी पानं फिकट पिवळी, शिरांची जाळी मात्र हिरवी. झाडाला लोह मिळत नाही.
- नवी पानं बारीक, अरुंद, शेंड्याशी झुपक्यासारखी, शिरांच्या मधे पिवळे पट्टे. जस्त कमी पडतंय.
- पान हिरवं, पण मधली शीर पिवळी. हे सगळ्यांत गंभीर. बुंध्याची साल किंवा मुळं खराब होत असल्याची ही खूण.
- खालची, जुनी पानं सबंध पिवळी होऊन गळतात. नत्राची कमतरता. हिवाळ्यात थोडी पानगळ चालते.
- पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी. मातीत क्षार साचलेत.
- पानांवर सापासारख्या चंदेरी रेघा, काळी भुकटी, किंवा पिवळ्या कडेचे खरखरीत डाग. कीड किंवा रोग.
- फुलं भरपूर, पण फळ मटाराएवढं होऊन गळतं.
- झाड हिरवंगार, काटेरी, छपरापर्यंत वाढलेलं, फूल मात्र नाही.
- तयार होत आलेली लिंबं उभी तडकतात. कोरड्या मातीवर एकदम भरपूर पाणी पडलं की असं होतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर हमखास दिसतं. आधीचे पंधरा दिवस पाणी नियमित ठेवलं तर कमी होतं.

पहिली पाच लक्षणं वेगवेगळी दिसली तरी अनेकदा एकाच जागेवरून निघतात: बुडाशी साचणारं पाणी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. लिंबाच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेल्या असतात आणि त्यांना हवा लागते. माती सतत ओली राहिली की मुळ्या गुदमरतात, मातीत असलेलं लोहसुद्धा त्यांना उचलता येत नाही, आणि पान पिवळं पडतं. पिवळं पान बघून माणूस खत टाकतो. खत म्हणजे क्षारच. आधीच अर्धमेल्या मुळ्यांवर ते पडलं की उरलेल्याही जळतात. पंधरा दिवसांत झाड आणखी पिवळं होतं, की मग त्याहून महागडं खत येतं. नर्सरीतून ‘टॉनिक’ आणण्याचा टप्पा साधारण इथेच येतो.

म्हणून खालच्या तपासण्या करताना एक शिस्त ठेवा. एका वेळी एकच बदल करायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेसह लिहायचा आणि निदान चार ते सहा आठवडे थांबायचं. पिवळं पडलेलं जुनं पान बहुधा पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे रोज बघून चिडण्यात अर्थ नाही. उपाय लागू पडला की नाही ते नव्या फुटीच्या रंगावरून कळतं.

तपासणी १: झाडाचं वय आणि ऊन (खर्च शून्य)

बियांपासून वाढवलेलं कागदी लिंबू फळाला यायला चार ते पाच वर्षं घेतं, कधी थोडी जास्त. गुटीचं (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं) किंवा कलमाचं रोप दोन-तीन वर्षांत फुलतं. रोप आणताना विचारलं नसेल, तर बुंध्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर जोडाची गाठ आहे का बघा. गाठ नसेल आणि काटे लांब असतील, तर रोप बहुधा बियांचं आहे. झाडात दोष नाही, वाट बघावी लागेल.

गाठ असेल आणि तिच्या खालून जोरदार, सरळ फांद्या फुटलेल्या असतील, तर ती खुंटाची, म्हणजे कलम ज्यावर बांधलं त्या खालच्या रोपाची फूट आहे. आपल्याकडे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलमं बांधतात. खालची फूट वेळीच काढली नाही, तर तीच वर चढते, कलम मागे पडतं आणि लिंबाऐवजी भलतंच फळ येतं. अशी फूट कोवळी असतानाच बुडापासून मोडून काढा.

ऊन थेट सहा तास हवं. शेजारच्या प्लॉटवर तीन मजले चढले असतील, तर दोन वर्षांपूर्वी फळणारं झाड आज का फळत नाही याचं उत्तर खतात सापडणार नाही.

फळगळीचं म्हणाल, तर लिंबाच्या शंभर फुलांतली नव्वदपेक्षा जास्त गळतात. निरोगी झाडातही. मटाराएवढी फळं खाली पडलेली दिसली म्हणून घाबरू नका. त्यानंतरही, सुपारीएवढी झालेली फळं रोज गळत असतील, तर पुढे वाचा.

तपासणी २: सळई

आठ मिलिमीटरची, दोन फूट लांबीची लोखंडी सळई घ्या. घराच्या बांधकामातला एखादा तुकडा कोपऱ्यात पडलेला असतोच. झाडाच्या बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर ती सरळ खाली दाबा.

काळी माती इथे फसवते. वर बोटभर रुंद भेगा पडलेल्या असतात, माती ठणठणीत दिसते आणि आपण नळी सोडतो. सळई मात्र पाच-सहा इंचांनंतर लोण्यात जावी तशी आत जाते, आणि बाहेर काढल्यावर टोकाला काळा, चिकट गोळा लागलेला असतो. तो नाकाशी नेऊन बघा. ओल्या मातीचा नेहमीचा वास आला तर बरं. नालीसारखा वास आला, तर आत हवा नाही आणि मुळ्या कुजायला लागल्या आहेत.

सळई फूटभर जाऊन कोरडी किंवा नुसत्या चिकटलेल्या भुशासारख्या मातीसह बाहेर आली, तरच पाणी द्या. पाच वर्षांच्या झाडाला मे महिन्यात दर तिसऱ्या दिवशी पंधरा लिटरच्या सहा बादल्या, डिसेंबरात तेवढंच पाणी आठवड्यातून एकदा, हा ढोबळ अंदाज. सळई वेगळं सांगत असेल, तर सळईचं ऐका. रोज संध्याकाळी पाच मिनिटं नळी धरणं हा सगळ्यांत वाईट प्रकार: वरचे दोन इंच कायम ओले राहतात, मुळ्या वरच येतात, आणि नवतपात (मेअखेरच्या सगळ्यांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दोन दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं.

कुंडीत सळईऐवजी बोट चालतं, दोन पेरं आत. कुंडी १८ इंचांपेक्षा लहान असेल, तर लिंबाकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. २०० लिटरचा ड्रम आडवा कापून केलेला अर्धा भाग उत्तम. तळाला बोटाएवढी सहा ते आठ छिद्रं हवीत आणि ड्रम विटांवर ठेवलेला हवा. थेट स्लॅबवर टेकलेल्या ड्रमची छिद्रं बुजतात, आणि मे महिन्यात तापलेली स्लॅब खालून मुळं शिजवते. उन्हाच्या बाजूला ओलं पोतं गुंडाळलं तर फरक पडतो.

तपासणी ३: बुंधा

गुडघ्यावर बसा. बुंध्याला लागून पाणी साचतं का, माती किंवा पालापाचोळा बुंध्याला टेकलाय का, कलमाचा जोड जमिनीत गेलाय का, हे बघा. आळं म्हणजे बुंध्याभोवती वाटीसारखा खड्डा, अशी समजूत पक्की आहे, आणि नागपुरात लिंबू-संत्रा मरण्याचं मोठं कारण तीच आहे. पाण्याने भिजलेल्या सालीत फायटोफ्थोरा ही बुरशी शिरते. तिथून साल कुजते, डिंक येतो, मुळं जातात.

संत्रा बागायतदार करतात तसं दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती फूट-दीड फुटाच्या अंतरापर्यंत माती चढवून आतलं वर्तुळ उंच आणि कोरडं ठेवायचं. मात्र ती माती जोडाच्या खालीच राहिली पाहिजे. त्याच्या बाहेर, झाडाच्या घेराखाली, म्हणजे फांद्या पसरतात तेवढ्या जागेत, पाण्याचं दुसरं गोल आळं. पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात सोडायचं. काम अर्ध्या तासाचं, खर्च नाही, आणि बऱ्याच झाडांना पुढचं काहीच लागत नाही.

झाडाभोवती टाइल्सचा ओटा बांधला असेल, तर निदान घेराएवढी जागा मोकळी करा. आणि खणू नका. निंदणी करायची तर खुरप्याने, वरवर. फावड्याने केलेली ‘खोल मशागत’ नेमक्या अन्न घेणाऱ्या मुळ्या तोडते.

तपासणी ४: पाणी कुठलं घालताय?

हा प्रश्न आपल्याच भागात विशेष विचारावा लागतो, कारण उन्हाळाभर कूलर चालतो. कूलरची टाकी धुताना निघालेलं पाणी झाडाला घालणं ही काटकसर वाटते. पण कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच राहतात. आठ दिवस वरून पाणी भरत राहिलं की तळाशी उरतं ते नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं. जाळीवर आणि गवताच्या पॅडवर बसलेला पांढरा थर बघा, तेच झाडाच्या मुळांशी जातंय. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणीही त्याच जातीचं. बोअरचं पाणी जड असेल, बादलीला पांढरी कड धरत असेल, तर तेसुद्धा. कपड्यांच्या मशीनच्या पाण्यात वरून सोडियम आणि साबण असतो.

कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढुरकी पापडी दिसली की समजा क्षार साचलेत. उपाय: नळाच्या साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतायचं आणि खालून पूर्ण निथळू द्यायचं. मग वरची इंचभर माती खरवडून नवी घाला. जमिनीतल्या झाडाचं हे काम पावसाळा करतो, निचरा नीट असेल तर. तोवर कूलरचं पाणी अंगण शिंपडायला वापरा.

तपासणी ५: पानाची मागची बाजू

इथे फार वेळ घालवू नका. मोठ्या झाडाला यातली बरीच कीड सोसते, पण रोपाला आणि कुंडीतल्या झाडाला लक्ष लागतं.

कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर काडीने हलकेच टोचा. शीट आक्रसते, डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि लहान रोप एका आठवड्यात पानांविना करते. हाताने वेचा, साबणाच्या पाण्यात टाका, औषध लागत नाही. मोठ्या झाडावर दोन-चार राहू द्या, फुलपाखरं बरी दिसतात.

चंदेरी नागमोडी रेघ म्हणजे पान पोखरणारी नागअळी. काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसली की निघते, ती कोळशी. पानामागे बसलेल्या काळ्या माशीची पिल्लं चिकट गोड रस टाकतात आणि त्यावर ही काळी बुरशी वाढते, म्हणून उपाय माशीवर करायचा. दोन्हींसाठी एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रव साबण, पानांच्या मागून, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. पारा ३५ अंशांच्या वर असेल, तर तेलाची फवारणी करू नका, पानं भाजतात. फुलांवरही नको, मधमाश्या तिथे असतात.

पिवळी कड असलेले खरखरीत तपकिरी डाग पानांवर, काड्यांवर, फळांवर असतील, तर तो खैऱ्या, जिवाणूजन्य रोग. कागदी लिंबाला तो लवकर होतो. रोगट काड्या उन्हाळ्यात, कोरड्या दिवसांत छाटून जाळा किंवा कचरागाडीत द्या. पावसात छाटणी केली तर रोग पसरतो. नंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारा. डाग असलेलं लिंबू रसाला चालतं, फेकू नका.

तपासणी ६: निचरा आणि चुनखडी

वरचं सगळं ठीक असूनही सळईला चिखल लागत असेल, तर झाडाच्या घेराबाहेर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि उभी काडी लावून मोजा. तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल, तर निचरा वाईट. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच दिसलं, तर त्या जागेत लिंबू सपाट जमिनीवर जगणार नाही. झाड लहान असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये मातीच्या गोळ्यासह उचलून दीड फूट उंचीच्या ढिगावर लावता येतं. मोठं असेल, तर घेराबाहेरून फूट-दीड फूट खोल चर खोदून उताराच्या बाजूला पाणी काढून द्या. चर घेराच्या आत घेतला तर मुळं तुटतात.

त्याच खड्ड्यातली मूठभर माती वाळवा आणि त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले, तर मातीत चुनखडी भरपूर आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत हे जास्त दिसतं, कारण बांधकामाचा मलबा, सिमेंट, प्लास्टरचे तुकडे तिथेच पुरलेले असतात. अशा मातीत लोह आणि जस्त असूनही अडकून राहतं. शेणखत कितीही टाकलं तरी शेंड्याची पानं पिवळीच. मलबा हाताला लागेल तेवढा काढा आणि पुढची तपासणी करा.

तपासणी ७: आता खत

इतक्या उशिरा, मुद्दामच. मुळं श्वास घेत असतील, तरच खत उपयोगी पडतं.

जस्तासाठी: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरवलेला चुना, गाळून, नव्या फुटीवर फवारा. चुना विसरलात तर कोवळी पानं भाजतात. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. लोहासाठी साधं हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीच्या मातीत टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, काही दिवसांत ते अडकून बसतं. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं) घ्या, आणि पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघा. ‘ईडीटीए’ प्रकार आपल्या चुनखडीच्या मातीत टिकत नाही, तो फवारणीपुरता ठीक. मात्रा पाकिटावर असते. दुप्पट करण्याचा मोह आवरा.

पाच वर्षांच्या झाडाला वर्षातून एकदा, पावसाच्या सुरुवातीला, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी ढेप. युरिया एका वेळी १०० ग्रॅम, वर्षात तीन वेळा, ओल्या मातीत, बाहेरच्या आळ्यात पसरून. बुंध्याशी नाही. कुंडीला युरिया देऊच नका. महिन्याला दोन मुठी गांडूळ खत पुरे. कच्चं शेण तर कुठेच नको. ते कुजताना तापतं आणि हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, बोलावतं.

झाड हिरवंगार, काटेरी आणि फूल नाही, ही तक्रार असेल, तर नत्र जास्त झालंय. एक वर्ष युरिया बंद.

तपासणी ८: बहर

विदर्भात लिंबूवर्गीय झाडाला तीन बहर येतात: जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त. बागेत पाणी तोडून ताण देतात आणि एक बहर धरतात. घरी रोज पाणी मिळणाऱ्या झाडाला ताण बसतच नाही, म्हणून ते वर्षभर दोन-दोन फुलं देत राहतं.

जमिनीतल्या, चार वर्षांपुढच्या, निरोगी झाडाला डिसेंबरच्या मध्यापासून तीन-चार आठवडे पाणी बंद करून बघा. पानांची चकाकी गेली, दुपारी पानं थोडी मुडपली की पुरे. मग पहिलं पाणी हलकं, दोन बादल्या. आठवड्याने दुसरं, आणि तिसऱ्यापासून नेहमीचं. इथेच लोक चुकतात: महिनाभर तहानलेल्या झाडावर पाइप सोडून देतात आणि निघालेली सगळी कळी गळते. शेजारच्या बागेला रोज पाणी जात असेल, तर ताण बसत नाही. पिवळ्या झाडाला, रोपाला आणि कुंडीला ताण देऊ नका.

आंबियाचं फळ भर मे महिन्यातून जातं. ४५ अंश आणि गरम वारा. बाहेरच्या आळ्यात तीन-चार इंच पालापाचोळा किंवा तणस पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब. पाणी सकाळी लवकर. कुंडीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, फक्त एप्रिल-मेपुरती. जाळी जुलैतही तशीच राहिली तर झाडाला ऊन कमी पडतं आणि पुढचा बहर येत नाही.

बागायतदार फळगळ थांबवायला संजीवकं (वाढीवर परिणाम करणारी रसायनं) फवारतात, त्यातलं एक २,४-डी. घरी हे करू नका. ते मुळात तणनाशक आहे, अगदी कणभर मात्रेत वापरायचं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की झाडच नव्हे, शेजारचा टोमॅटोही जातो.

तपासणी ९: डिंक आणि मुळं

मधली शीर पिवळी असेल, तर ही तपासणी टाळता येणार नाही. बुंध्यावर डिंकाचे मधासारखे थेंब किंवा काळपट ओघळ दिसतात, त्यांच्या आजूबाजूची साल नखाने दाबली की मऊ लागते. याला डिंक्या म्हणतात. धारदार, स्वच्छ चाकूने कुजलेली साल खरवडा, निरोगी हिरवट-पांढरी साल लागेपर्यंतच. आतल्या लाकडात शिरू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने, एक लिटरला १० ग्रॅम, जखम पुसा. ती वाळल्यावर बोर्डो मलम लावा.

मलम घरी होतं. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर विरघळवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत थोडं-थोडं पाणी घालत विरवा, तो उकळतो, तोंड लांब ठेवा. नंतर त्यातही पाणी अर्धा लिटर करा. दोन्ही गार झाल्यावर एकत्र ओतून काडीने ढवळा. आकाशी निळा लगदा तयार होतो. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी आहे. आणखी चुन्याची निवळी घाला, थर चढणं थांबेपर्यंत. हे न तपासता लावलं तर मोकळं तांबं साल जाळतं. लोखंडी बादली वापरू नका, हातमोजे घाला, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दूर ठेवा, उरलेलं नालीत ओतू नका. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत बुंधा रंगवा. पावसाळ्याआधी मेअखेरीस एकदा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा.

मुळं बघायची तर बाहेरच्या आळ्यात एका बाजूला हाताने माती बाजूला करा. निरोगी बारीक मुळी पिवळसर-पांढरी आणि ताठ असते. कुजलेली मुळी चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी निघून येते, आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. थोड्याच मुळ्या अशा असतील, तर पाणी कमी करा, दुहेरी आळं करा, आणि ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) १०० ग्रॅम पाच किलो ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ठेवा, मग आळ्यात घाला. तांबं असलेलं औषध ट्रायकोडर्मालाही मारतं, म्हणून बुंध्याला मलम लावताना ते मातीत सांडू देऊ नका, आणि मातीत कॉपरचं औषध ओतलं असेल तर निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

कुंडीतलं झाड असेल, तर गोळा बाहेर काढून कुजलेली मुळं कापा, वरच्या फांद्या तेवढ्याच प्रमाणात छाटा. नवं मिश्रण: चार भाग हलकी माती, तीन भाग कुजलेलं खत, तीन भाग जाडी रेती. कुंडीत नुसती काळी माती भरू नका. एप्रिल-मेमध्ये हे काम करू नका, जुलैपर्यंत थांबा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- डिंक किंवा कुजलेली साल बुंध्याच्या निम्म्याहून जास्त घेराला वेढून आहे.
- शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येतायत आणि वरची पाणी-निचऱ्याची दुरुस्ती करून दोन महिने झाले तरी थांबत नाहीत.
- पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचे पिवळे डाग एकसारखे नाहीत, एका बाजूला एक आकार, दुसऱ्या बाजूला भलताच, आणि फळं लहान, वाकडी. ही ग्रीनिंग रोगाची शंका. सायला नावाच्या किडीने पसरणाऱ्या या रोगावर घरी करण्यासारखा इलाज नाही, आणि जस्ताच्या कमतरतेशी गल्लत होते, म्हणून निदान प्रयोगशाळेतच.
- जमीन वरून पाणी न घालताही ओली राहते. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजची लाइन फुटलेली असू शकते. हा प्लंबरचा विषय.
- फांद्या विजेच्या तारांना टेकतायत. छाटणीला स्वतः चढू नका, वीज कार्यालयाला कळवा.

नागपूरकरांची सोय अशी, की अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे आणि महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय. जाण्याआधी फोन करून नमुने कधी घेतात ते विचारा. नेताना एकाच फांदीची आठ-दहा पानं, नवी आणि जुनी दोन्ही, देठासह, कागदात गुंडाळून. झाडाच्या घेराखालून चार बाजूंनी फूटभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो. खत टाकून महिना झाला नसेल तर मातीचा नमुना घेऊ नका, आकडे खोटे येतात. कॅलेंडरावर लिहिलेल्या तारखांचा फोटोही न्या, पहिला प्रश्न तोच असतो.

झाड काढावंच लागलं, तर शहरात मुळासकट तोडण्याआधी मनपाच्या उद्यान विभागाकडे विचारा. नवं रोप त्याच खड्ड्यात लावू नका, बुरशी मातीत राहते. सहा-सात फूट सरका, दीड फुटाचा ढीग करा, कलमाचा जोड जमिनीपासून सहा ते नऊ इंच वर राहील असं लावा. पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये.